आतडी कोंबलेली नसतात, टाचलेली असतात

२०१७च्या जानेवारीत ‘माणसाच्या पोटात ७९वा अवयव सापडला’ ही बातमी जगभर फिरली. सापडायला तो हरवला होता कुठे? मेसेंटरी, म्हणजे आंत्रबंध, हा आतड्यांना पोटाच्या मागच्या भिंतीशी बांधून ठेवणारा पडदा, लिओनार्दो दा विंचीनेही रेखाटला आहे. आयर्लंडचे सर्जन कॅल्विन कॉफी यांचं म्हणणं एवढंच होतं, की तो तुकड्यातुकड्यांचा नसून सलग आहे, म्हणून त्याला अवयव म्हणा. ७९ हा आकडा तर हवेतलाच.

खरी गंमत तो घडतो कसा यात आहे. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात आतडं म्हणजे सरळ नळी, या दुपदरी पडद्याने पाठीकडच्या भिंतीला टांगलेली. पुढे नळी भराभर लांबते. पडदा त्या वेगाने वाढत नाही. फ्रॉकच्या कमरेला इलॅस्टिक ताणून शिवलं आणि हात सोडला की कापडाला चुण्या पडतात ना, तशी नळीला वेटोळी पडतात. २०११ साली कोंबडीच्या भ्रूणात हे तपासलं गेलं. पडदा कापून वेगळा करताच वेटोळी उलगडली. मग ताणलेला लेटेक्सचा पडदा रबरी नळीला शिवून सोडला, तर तिलाही तशीच वेटोळी! नळीची जाडी, दोघांचा ताठपणा आणि वाढीतला फरक, एवढ्यावरून वेटोळ्याचा आकार गणिताने काढता येतो.

सहाव्या आठवड्यात यकृताने पोट व्यापलेलं असतं, म्हणून मधलं आतडं नाळेत उतरतं आणि दहाव्यात परततं. (सोनोग्राफीचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्या हिशेबात दोन मिळवा.) या ये-जा करण्यात ते आपल्या मुख्य धमनीभोवती घड्याळाच्या उलट २७० अंश फिरतं. शेवटी आंत्रबंधाचं बूड मागच्या भिंतीवर डावीकडून वर ते उजवीकडे खाली असं तिरकं टाचलं जातं. लांबी जेमतेम १५ सेंटीमीटर, पण कित्येक मीटर लहान आतडं त्यावर तोललेलं असतं.

फिरणं अर्धवट राहिलं तर हे बूड देठासारखं अरुंद राहतं. त्याला पीळ बसला की धमनी आवळते आणि काही तासांत आतडं काळं पडू लागतं. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं. बेंबी सरकत नसते.

शस्त्रक्रियेत पीळ घड्याळाच्या उलट सोडवतात, लहान आतड्याच्या सुरुवातीवर आडवे आलेले पट्टे कापतात आणि बूड पसरून रुंद करतात. आतडी नेहमीच्या जागी मात्र नेत नाहीत: लहान आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे ठेवतात. अपेंडिक्सही बहुधा काढूनच टाकतात, कारण पुढे कधी ते सुजलं तर दुखेल डावीकडे, आणि डॉक्टर शोधतील उजवीकडे.