थ्री-नॉट-थ्रीची साइट कोणी, कधी आणि का बदलली

जुनी लष्करी रायफल हाती आली की बहुतेक जण आधी लाकूड बघतात, मग बोल्टवरचा आणि नळीवरचा नंबर जुळतो का ते तपासतात. माझ्या मते सुरुवात साइटपासून, म्हणजे नेम धरायच्या खाच-पातीपासून, करावी. काडतूस बदललं की साइट बदलावीच लागते, त्यामुळे रायफलीचा प्रवास तिथे सगळ्यात स्पष्ट उमटलेला असतो. फक्त बदल शस्त्रागारातल्या कारागिराने केला की नंतरच्या एखाद्या मालकाने घरच्या कानशीने, हे ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी इतिहास माहीत असावा लागतो. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं दिसलेली थ्री-नॉट-थ्री (.३०३), म्हणजेच ली-एन्फिल्ड, हे याचं उत्तम उदाहरण आहे.

या रायफलीच्या साइटची कहाणी एका चुकीपासून सुरू होते. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं, तेव्हा ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या नव्या लांब ली-एन्फिल्डपैकी बऱ्याच रायफलींची साइट मुळातच चुकीची बसवलेली निघाली. ५०० यार्डांवर गोळी सुमारे १८ इंच उजवीकडे जात होती. ती दुरुस्त करणं भाग पडलं, आणि पुढच्या आखूड रायफलीच्या बॅकसाइटला, म्हणजे डोळ्याकडच्या साइटला, डावी-उजवीकडे सरकवायची सोय आली ती या धड्यानंतर. या आखूड रायफलीची १९०७ ची आवृत्ती, मार्क तीन, ही या विचाराचं सगळ्यात देखणं रूप आहे. बॅकसाइटवर २०० ते २,००० यार्डांचे आकडे, बारीक फरकासाठी छोटं चाक, वाऱ्यासाठी बाजूला स्क्रू. शिवाय डाव्या बाजूला लाकडात बसवलेली एक तबकडी आणि काटा. ही ‘व्हॉली साइट’. थेट २,८०० यार्डांपर्यंत सगळ्या तुकडीने एकदम गोळ्यांचा पाऊस पाडावा, अशी त्यामागची कल्पना होती.

पुढे १९१० मध्ये काडतूस बदललं. जुन्या मार्क सहा काडतुसाची गोळी बोथट नाकाची, २१५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची आणि मंद होती. नव्या मार्क सातची गोळी टोकदार, १७४ ग्रेनची, आणि तिचा वेग सेकंदाला २,४४० फूट. गोळीचा मार्ग इतका सपाट झाला की जुन्या आकड्यांना अर्थ उरला नाही. ६०० वर साइट लावून जुन्या हिशेबाने नेम धरला, तर गोळी डोक्यावरून जाणार. म्हणून हजारो रायफलींच्या बॅकसाइट बदलल्या गेल्या आणि नळीच्या मागच्या जाड भागावर ‘एचव्ही’ (हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेग) ही अक्षरं ठोकली गेली. मार्क तीन १९०७ ची आणि काडतूस १९१० चं, त्यामुळे सुरुवातीच्या मार्क तीनवर हा बदल दिसला तर दचकायचं कारण नाही. दिसला नाही, तरच जास्त चौकशी करावी. १९१४ मध्ये मार्सेला उतरलेल्या भारतीय तुकड्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या, तेही याच काडतुसामुळे.

मग खंदकांचं युद्ध आलं. समोरचा शत्रू शे-दोनशे यार्डांवर असताना २,८०० यार्डांची तबकडी कोणाला हवी होती? १९१६ च्या ‘मार्क तीन स्टार’ मध्ये व्हॉली साइट गेली आणि बॅकसाइटचा आडवा स्क्रूही गेला. जुन्या मार्क तीन दुरुस्तीला आल्या की त्यांचीही तीच गत व्हायची. अशी रायफल जवळून बघितली तर डाव्या बाजूला लाकडात तबकडीची जागा भरून काढलेला तुकडा सापडतो, किंवा काटा कापून टाकलेली नुसती पट्टी. हा शस्त्रागाराचाच हात. तुकड्याचे रेषे मूळ लाकडाशी जुळवलेले असतात आणि कडा घट्ट बसलेल्या असतात. खाजगी दुरुस्तीत एवढी मेहनत फारशी दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर चार रायफलीचं थोडक्यात सांगतो. बॅकसाइट नळीवरून उठून मागे रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागावर, आली आणि खाचेच्या जागी भोक आलं. चांगल्या साइटवर १,३०० यार्डांपर्यंत बारीक टप्पे होते, तर युद्धाच्या घाईत बनवलेल्या साध्या साइटला ३०० आणि ६०० अशी दोनच भोकं. युद्धानंतर कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झालेल्या रायफलींवर ‘एफटीआर’ (फॅक्टरी थरो रिपेअर) आणि वर्ष ठोकलेलं असतं. १९४२ च्या रायफलीवर असा शिक्का आणि चांगली साइट दोन्ही असतील, तर कोणी फसवलेलं नाही. ती सरकारी सुधारणा आहे.

आता इशापूर. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास बंगालमधल्या या कारखान्याने जुन्याच आराखड्यावर, पण अधिक चांगल्या पोलादाची, ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल बनवायला घेतली. पहिली ‘२ए’. तिच्यावर बॅकसाइट जुनीच, २,००० पर्यंतची. नंतरच्या ‘२ए१’ वर आकडे ८०० पर्यंतच, आणि तेही मीटरमध्ये. माझ्या मते हा फार शहाणपणाचा बदल होता. उघड्या खाचेतून २,००० यार्डांवरचा माणूस दिसतच नाही, आणि देश तोवर मेट्रिक मापांवर आलेला होता. रशियन रायफलींच्या बाबतीतही असंच घडलं होतं. झारच्या काळातल्या मोसिन रायफलींवर अर्शिन मोजलेले होते, एक अर्शिन म्हणजे ७१ सेंटिमीटर. फिनलंडच्या हाती त्या रायफली आल्यावर त्यांनी साइटवर मीटरचे आकडे नव्याने कोरले.

म्हणून इशापूरच्या रायफलीवर बट सॉकेटची (मागचा लाकडी दस्ता बसतो त्या धातूच्या भागाची) उजवी बाजू आणि बॅकसाइट एकत्र वाचावी. सॉकेटवर ‘२ए१’ आणि बॅकसाइटच्या पट्टीवर २,०००, असा मेळ दिसला तर पट्टी दुसऱ्या रायफलीची असण्याची शक्यता दाट. परदेशात गेलेल्या या रायफलींचा आणखी एक घोळ आहे. अमेरिकेत काही आयातदारांनी त्यांची नळी आणि लाकूड कापून, पुढे ज्वाला लपवणारं शंकू बसवून ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकल्या. खरी जंगल कार्बाइन म्हणजे ली-एन्फिल्डचा नंबर पाच हा नमुना. तिचीही साइट ८०० वर थांबते, पण यार्डांत, आणि ती भोकाची असून रिसीव्हरवर असते. नळीवर खाचेची साइट दिसली की ती खरी जंगल कार्बाइन नाही, हा निकाल तिथेच लागला.

भारतात .३०३ हा नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. म्हणून इथे शिकाऱ्यांना इशापूरचीच .३१५ रायफल मिळत आली, आणि लष्करी रायफली कापून शिकारी बनवण्याचा उद्योग प्रामुख्याने ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात फोफावला. युद्धानंतर तिकडे अतिरिक्त रायफली मातीमोल भावाने विकल्या गेल्या. नेमबाजांनी त्यांच्यावर पार्कर-हेलच्या स्पर्धेच्या साइट बसवल्या, शिकाऱ्यांनी रिसीव्हरला भोकं पाडून दुर्बिणी लावल्या. साइट काढून टाकली तरी भोकं राहतात. त्यात भरलेले स्क्रू, किंवा वेल्डिंग करून घासलेली जागा तिरप्या उजेडात धरली की वेगळी चमकते.

सगळ्यात फसवी असते ती पुढची पाती, म्हणजे फोरसाइट. ती वेगवेगळ्या उंचीत मिळायची, ०.०१५ इंचाच्या टप्प्यांत, आणि तो आकडा पातीवर कोरलेला असायचा. आखूड ली-एन्फिल्डवर एक टप्पा म्हणजे १०० यार्डांवर सुमारे पावणेतीन इंचांचा फरक. पाती उंच केली की गोळी खाली जाते, बुटकी केली की वर. शस्त्रागारातला कारागीर पाती बदलायचा, घासायचा नाही. नवी पाती बसवून नेम तपासला की ती हलू नये म्हणून ठोकून पक्की करायचा, आणि तो ठोक दिसतो. घरच्या माणसाकडे दुसरी पाती नसते, म्हणून तो कानस घेतो. मग पातीवर आकडा एक असतो आणि व्हर्नियरने मोजलेली उंची दुसरीच. वरची कड उजळ पडलेली असते, तिच्यावर आडवे ओरखडे असतात, आणि बाजूंवरचा काळा मुलामा मात्र तसाच शाबूत असतो.