बिझेनचे धुपाटणे : घेण्याआधी आणि घरी आणल्यावर

आमच्याकडे हे पात्र पहिल्यांदा हातात घेणारे बहुतेक जण विचारतात, ‘हे आहे काय?’ रंग भाजलेल्या विटेचा, एका अंगाला निळसर काळा. कडा कातळ फुटावा तशा. झाकण कुठे सुरू होते तेही चटकन कळत नाही. वर फक्त एक तिरकी फट, आणि ती धुरासाठी. जपानी लोक याला ‘कोरो’ म्हणतात. आपल्या भाषेत धुपाटणे.

‘तेल गेले, तूप गेले, हाती आले धुपाटणे’ या म्हणीमुळे आपल्याकडे हा शब्द सगळे गमावल्यावर उरलेल्या वस्तूला चिकटला आहे. जपानमध्ये मात्र एक धुपाटणे राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले जाते. क्योतोच्या नोनोमुरा निन्सेई या कुंभाराने १७व्या शतकात फेझंट पक्ष्याच्या रूपात ते घडवले. लांबी सुमारे ४८ सेंटिमीटर. पाठीचा भाग म्हणजे झाकण, त्यावर धुराची छिद्रे, आणि मागे सरळ आडवी शेपटी. ओल्या मातीची इतकी लांब शेपटी न झुकता भट्टीतून बाहेर काढणे किती कठीण, हे मातीत हात घातलेला कोणीही सांगेल. आज ते कानाझावा शहरात, इशिकावा प्रांताच्या कला संग्रहालयात आहे. धुपाटण्याला शिल्प मानण्याची रीत तिकडे इतकी जुनी आहे.

आम्ही आणतो ती पात्रे बिझेनची. बिझेन ओकायामा प्रांतात येते, आणि ओकायामा हे नाव पुणेकरांना नवे नाही. सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान तिथल्याच कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभे आहे. बिझेनची माती भातखाचरांच्या खालून काढतात. ती चिकट आणि लोहयुक्त असते. भांड्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, चढवत नाहीत. लाल पाइनच्या लाकडावर साधारण १० ते १४ दिवस भट्टी चालते आणि उष्णता १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. जो काही रंग दिसतो तो आग, राख आणि मातीचा. उडालेली राख वितळून बसली की तिळासारखे ठिपके उठतात, त्यांना ‘गोमा’, म्हणजे तीळच, म्हणतात. पात्राला भाताचा पेंढा गुंडाळून भाजले तर तांबड्या रेघा उमटतात. निखाऱ्यांत गाडलेला भाग निळसर करडा होतो. हे डाग म्हणजे दोष नव्हेत, आणि एका पात्रावरचे दुसऱ्यावर येत नाहीत. म्हणून केवळ फोटो पाहून मागवू नका.

बिझेनमध्ये सिंहाच्या आकाराची धुपाटणी पूर्वीपासून होत आली. आजची टोकदार, तोल एका बाजूला गेल्यासारखी वाटणारी रूपे गेल्या काही दशकांतली. १९५२ साली शिल्पकार इसामू नोगुची बिझेनमधल्या इंबे गावात येऊन कुंभार कानेशिगे तोयो यांच्याकडे मातीत काम करून गेले. पुढे बिझेनचे कुंभार इसेझाकी जुन यांनी बिझेनच्या मातीला शिल्पाकडे नेले. २००४ साली जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे. हे शिल्प असले तरी पोकळ आहे, आणि कलाकाराचे निम्मे कसब त्या पोकळीत असते. फट फार अरुंद झाली तर आतली उदबत्ती गुदमरून विझते. फार रुंद झाली तर धूर सरळ छताकडे जातो आणि आकाराशी त्याचे नाते उरत नाही. चांगल्या पात्रात धूर कडेवर क्षणभर रेंगाळतो, मग उतारावरून वळत वर जातो. त्यामुळे पात्र निवडताना आम्ही आधी उदबत्ती लावून पाहतो. नुसते सुंदर दिसणारे पात्र आम्ही परत ठेवून दिले आहे.

वापरताना पात्रात दोन तृतीयांश राख भरा. राखेची पुडी सोबत दिली आहे. जपानी उदबत्तीत बांबूची काडी नसते. तिचा छोटा तुकडा राखेत उभा करा किंवा आडवा ठेवा. आपली काडीची उदबत्ती लावायचीच असेल तर तोडून लावा, पण तेलकट सुगंधाची नको. बिनग्लेझच्या मातीवर त्याचा चिकट थर बसतो. गोवरीचा निखारा कधीही थेट ठेवू नका, एकदम तापून माती तडकू शकते. अगरूचा तुकडा अभ्रकाच्या चकतीवर मंद तापवून ‘सुगंध ऐकण्याची’ जपानी पद्धत तुम्हाला शिकायची असेल, तर हे पात्र घेऊ नका. त्याला पेल्यासारखे, वरून उघडे, तळहातात मावणारे पात्र लागते.

पंखा बंद ठेवा. मागे साधी भिंत आणि बाजूने उजेड असला की धूर नीट दिसतो. पावसाळ्यात राख ओल धरते आणि उदबत्ती मध्येच विझते, तेव्हा राख उन्हात वाळवून पुन्हा भरा. साफ करायला मऊ कुंचला पुरे. पितळी धुपाटण्यासारखे चिंचेने घासू नका. उचलताना बाहेर आलेल्या कडेला नव्हे, तळाला धरा.

सोबतची हलक्या लाकडाची पेटी टाकू नका. झाकणावरची कुंचल्याची अक्षरे आणि शिक्का कलाकाराचा असतो. पुढे कधी पात्र विकायचे झाले तर आधी त्या पेटीची चौकशी होते.

दुकानात एक पात्र कायम पेटते असते. एक उदबत्ती संपायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढा वेळ काढून या.