इनाम कमिशन

मुंबई इलाख्यातील इनाम जमिनींवरचे हक्क तपासण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने उभी केलेली चौकशी यंत्रणा. दक्षिण महाराष्ट्रात १८४० च्या दशकात सुरू झालेल्या तपासणीला १८५२ च्या अकराव्या कायद्याने पक्के रूप आले. दख्खन, खानदेश, दक्षिण मराठा मुलूख आणि नव्याने खालसा झालेले प्रदेश तिच्या कक्षेत होते. सारा पूर्ण किंवा अंशतः माफ असलेली जमीन ती इनाम, दप्तरी भाषेत ‘दुमाला’. ही माफी कोणी दिली, कोणाला दिली आणि किती पिढ्यांसाठी दिली, हे कमिशनने ठरवायचे होते.

वादाचे मूळ ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात आहे. पेशवाई बुडत असताना कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्यात वतने, इनामे, वर्षासने (दरसालच्या नेमणुका) आणि धर्मादाय संस्था यांना संरक्षण देण्याचे वचन दिले. लोकांनी ते सरळ अर्थाने घेतले: जे चालत आले ते चालेल. सरकारला मात्र पुढे त्यात एक फट दिसली. पूर्वीच्या सरकारने कायमचे दिलेले तेवढेच चालवायचे. हयातीपुरते दिलेले किंवा अंदाधुंदीत कोणी बळकावलेले चालवायचे वचन कुठे दिले होते?

इनामदाराच्या घरी पेटीत सनद असे, मोडीत लिहिलेली. ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित’ जमीन ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ दिली, असा तिचा ठरलेला मजकूर. शेवटी गावच्या अंमलदारांना ताकीद असे: प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप न करणे, या पत्राची प्रत लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परतोन देणे. नवा कागद मागू नका, असे ज्या कागदावर लिहिले होते, तोच कमिशनपुढे ठेवून पुरावा म्हणून पुरतो का, हे पाहावे लागे. खोट्या सनदा आणि मागाहून घुसडलेल्या नोंदी होत्याच, त्यामुळे सरकारची शंका अगदीच निराधार नव्हती. म्हणून घरच्या कागदाचा ताळा पुण्याच्या पेशवे दप्तरातील रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी) आणि हिशेबांशी घातला जाई. दप्तर सरकारच्या ताब्यात, तपासनीस सरकारचा आणि हक्क बुडाला तर वाढणारा साराही सरकारचाच. शिवाय या मुलखातील असे दावे दिवाणी कोर्टाच्या अधिकाराबाहेर ठेवलेले होते.

१८५२ च्या कायद्याला जोडलेले नियम रोखठोक होते. इंग्रजी अंमल येण्यापूर्वी ६० वर्षे जमीन अखंड उपभोगात असेल आणि अंमलाच्या वेळी ती मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्याच्या वंशजाकडे असेल, तर त्या वेळच्या धारकाचा पुरुषवंश असेपर्यंत ती चालायची. उपभोग ४० वर्षांचा आणि धारक मूळ इनामदाराचा मुलगा असेल, तर आणखी एकच पिढी. वंश म्हणजे औरस. दत्तकाला येथे जागा नव्हती. ज्या समाजात घराण्याचे नाव, श्राद्धपक्ष आणि मिळकत दत्तकाने चालत असे, तेथे हा नियम किती झोंबला असेल हे सांगायला नको.

कमिशनने पहिल्या पाच वर्षांत सुमारे २०,००० इनामे जप्त केली, हा आकडा १८५७ वरील लेखनात नेहमी येतो. त्यात पुरी गावे किती आणि एखाद्या भिक्षुकाचा दोन-चार बिघ्यांचा तुकडा किती, हे त्यावरून कळत नाही. जप्ती म्हणजे पुष्कळदा ताबा काढणे नव्हे, तर माफ असलेला सारा आकारणे. या कामात एतद्देशीय अधिकारीही होते. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या पदरी ज्यांचे वडील होते, ते गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, १८५६ मध्ये असिस्टंट इनाम कमिशनर झाले.

रोषाचा स्फोट दक्षिण मराठा मुलखातील नरगुंदला झाला. तेथील संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांना सरकारने दत्तक नाकारला होता. पूर्वी इनाम कमिशनवर काम केलेला आणि त्यामुळे आधीच अप्रिय असलेला पोलिटिकल एजंट चार्ल्स मॅन्सन याला मे १८५८ च्या अखेरीस सुरेबान येथे त्यांनी ठार केले. जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली.

पुढे सरकारने सौदा केला. १८६३ च्या दुसऱ्या आणि सातव्या कायद्यांनी ‘समरी सेटलमेंट’, म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन केलेली सरसकट तडजोड, आणले. दुसऱ्या कायद्याप्रमाणे आकाराच्या, म्हणजे जमिनीवर ठरलेल्या पूर्ण साऱ्याच्या, चौथ्या हिश्शाइतकी जुडी (इनाम जमिनीवरचा सवलतीचा सारा) आणि नजराण्यापोटी रुपयामागे एक आणा दरसाल भरायचा. मग सनदेची चिकित्सा नाही, जमीन वारसाने जाते, विकताही येते. सरंजाम (मुख्यतः लष्करी चाकरीसाठी दिलेले मुलूख) आणि चाकरीची वतने यातून वगळली होती.

जात इनामे, म्हणजे व्यक्तींना दिलेली इनामे, अखेर १९५२ च्या मुंबई कायद्याने रद्द झाली. देवस्थान इनामे त्या कायद्यातून वगळली गेली आणि गावच्या दप्तरात वर्ग ३ म्हणून राहिली. दुमाला जमिनींची वही म्हणजे तलाठ्याचा गाव नमुना ३. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यात देवाचे नाव असते. पुजाऱ्याचे किंवा वहिवाटदाराचे नाव इतर हक्कात.