दुखत नसलेली अक्कलदाढ काढायची का? वादाची पार्श्वभूमी

"तिरकी आहे, काढून टाकू," असं डेंटिस्टने एक्स-रे दाखवत सांगितलं, की विशीतल्या मुलाचे आईवडील हमखास विचारतात, "पण दुखत नाहीये, मग कशाला?" दंतवैद्यकातही यावर एकमत नाही.

दुखणं मात्र फार जुनं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'अधिमांसक' नावाचा रोग आहे: जबड्याच्या हाडातल्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणं. दाढ अर्धीच वर आली की तिच्यावर हिरडीची झापड राहते, खाली अन्नाचे कण अडकतात आणि ती पिकते. आज या सुजेला पेरिकोरोनायटिस म्हणतात, त्याचंच हे वर्णन वाटतं. सुश्रुताचा उपाय म्हणजे वाढलेलं मांस कापायचं आणि वेखंड, पाठा, यवक्षार वगैरेंचं चूर्ण मधातून लावायचं. दाढ जागेवरच राहू द्यायची. झापड कापण्याची ही शस्त्रक्रिया आजही होते.

हाडात रुतलेली दाढ काढायची तर रुग्णाला वेदना सोसवायला हवी आणि डॉक्टरला दाढ दिसायला हवी. १८४४ मध्ये अमेरिकेत होरेस वेल्स या डेंटिस्टने वेदना जाणवू नये म्हणून लाफिंग गॅस हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि काही आठवड्यांतच जर्मनीत ओटो वाल्कहॉफ या डेंटिस्टने आपल्या दातांची छायाचित्रं घेतली. त्यासाठी त्याला २५ मिनिटं निश्चल राहावं लागलं! पुढे १९२६ मध्ये जॉर्ज विंटर या अमेरिकन डेंटिस्टने दाढेच्या कलावरून प्रकार पाडले: उभी, आडवी, पुढे झुकलेली, मागे कललेली. रिपोर्टवरचं 'मेसिओअँग्युलर' (पुढे झुकलेली) तिथलंच. जागा बधिर करणारं लिग्नोकेन आणि अँटिबायोटिक्स आल्यावर काम आणखी सोपं झालं.

सोपं झालं म्हणूनच ते वाढलं, असं मला वाटतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, 'पुढे त्रास नको' म्हणून तरुणांच्या निरोगी दाढाही सर्रास काढल्या जाऊ लागल्या. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २००० साली ही प्रथा थांबवायला सांगितलं. वारंवार सूज, न भरता येणारी कीड, गाठ असं कारण असेल तरच काढा, असा तिचा सल्ला. दाढ काढण्यात धोकाही असतो: खालच्या दाढेच्या मुळाशी ओठाला संवेदना पुरवणारी नस असते. ती दुखावली तर ओठ बधिर राहू शकतो. उलट बाजूचे सर्जन म्हणतात, थांबलात तर तिरकी दाढ शेजारच्या चांगल्या दाढेला कीड लावते, आणि वय वाढलं की शस्त्रक्रियाही अवघड होते. नस अगदीच चिकटून असेल, तर काही सर्जन मुळं आत ठेवून फक्त वरचा भाग कापून काढतात.