सामान घरी नेल्यावर

(भरतकाम, विणकाम आणि चित्रकामाचं सामान नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

लोकर, दोरे, मॅटीचं कापड नाहीतर रंगांची पेटी, यांतलं काहीतरी तुम्ही आत्ता आमच्याकडून घेतलंय. हा कागद पिशवीत मुद्दाम टाकलाय, बिलाबरोबर चुरगाळून टाकू नका. फक्त गॅसवर दूध ठेवून वाचायला घेऊ नका, तेवढा छोटा नाहीये.

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या अंगाला आमचं दुकान. काउंटर एक, स्टुलं दोन, बाकी सगळं रॅकवर. दिवसातून दहा वेळा तरी एक वाक्य कानावर पडतं, ‘हौस लई हाय ओ, पण वेळ कुठाय?’ पूर्वी आम्ही मान डोलवून बिल करायचो. आता उलट विचारतो, ‘मागच्या वेळी नेलेलं कुठं ठेवलंय?’ उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कापड माळ्यावरच्या ट्रंकेत, सुया मशीनच्या खणात, रिंग पोरांनी चाक म्हणून पळवली, चष्मा देवघरात. वीस मिनिटं मोकळी मिळाली तरी पंधरा सामान गोळा करण्यात जातात आणि उरलेल्या पाचांत कुणीतरी बेल वाजवतं. वेळ खातं ते हे काढणं-ठेवणं.

आधी पिशवी

घरात कापडी पिशवी असेलच. लग्नाच्या आहेरात आलेली, दुकानाचं नाव छापलेली, कसलीही चालेल. त्यात चालू असलेलं एकच काम ठेवा. त्याच्या सुया, त्याचे दोरे, छोटी कात्री, टेप आणि जुना चष्मा सुद्धा त्यातच. जवळचं दिसत नाही म्हणून काम थांबलेले लोक आम्ही किती बघितलेत! पिशवी कपाटात नको, जिथं तुमचं बूड टेकतं तिथं खुंटीला अडकवा. आमच्या घरी ती स्वयंपाकघराच्या दाराला असते. रविवारी पातेल्यात मटण शिजत असतं तेव्हा तिथून हलता येत नाही आणि सारखं ढवळायचंही नसतं. त्या पाऊण तासात यंदा दोन तोरणं झाली.

आमच्या आईची आत्या कागलकडच्या खेड्यात राहायची. तिची वाकळ, म्हणजे गोधडी, आठवते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्यात यायचं. उन्हाळ्याच्या दुपारी हे काम चालायचं, पाऊस लागायच्या आत संपवायचं. उठताना ती वाकळ कधी आवरून ठेवायची नाही. सुई कडेला टोचायची, वाकळ गुंडाळून सोप्यात भिंतीला उभी करायची. येणारी-जाणारी शेजारीणसुद्धा बसल्या बसल्या चार हात दोरा घालून जायची. त्यामुळं मधेच एखादी ओळ वाकडी दिसायची, ती कुणाची हे आत्याला बरोबर माहीत असायचं.

मधेच सोडता येईल असं काम धरा

नवीन माणूस काम निवडताना ते दिसायला कसं आहे तेवढंच बघतो. आम्ही म्हणतो, ते मधेच सोडलं तर काय होतं ते आधी बघा.

क्रोशाला यात तोड नाही. हातात एकच सुई, सुईवर एकच फासा. कुकरची शिट्टी झाली, उठायचंय? तो शेवटचा फासा जरा मोठा ओढा, त्यात सेफ्टी पिन अडकवा आणि खुशाल जा. पिन नाही लावली तर मात्र पोरानं टोक ओढलं की खांबामागून खांब (क्रोशाचे उभे टाके) सुटत जातात आणि अर्ध्या तासाचं काम दहा सेकंदांत परत गुंडा होतं. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर जिवंत असतात, म्हणून ओळ पुरी करूनच उठावं आणि सुयांच्या टोकांना रबर लावावं. राजारामपुरीत क्लासच्या बाहेर गाडीवर बसून मुलांची वाट बघणाऱ्या वहिनींना आम्ही आधी क्रोशाच देतो. आठ महिन्यांत एकीनं बेडशीटची अख्खी कड केली, त्याच गाडीवर.

भरतकामाला थोडी शिस्त लागते. दोरा एक हात तोडायचा, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, साधारण ४५ सेंटीमीटर. आळस करून लांब घेतला की गाठी पडतात आणि वेळ त्या सोडवण्यातच जातो. लडीतला दोरा सहापदरी असतो. हवे तेवढे पदर एकेक करून वर ओढा, दोन एकदम ओढले की खाली गुंता झालाच म्हणून समजा. उठताना रिंग काढून ठेवा. रिंग आठवडाभर तशीच राहिली तर तिचा गोल वळ कापडावर उठतो, मळ बसला तर धुऊनही जात नाही. काळ्या कापडावर काम असेल तर ते दिवसा उजेडी करा आणि मांडीवर पांढरा टॉवेल घ्या, म्हणजे कापडाची भोकं खालून उजळ दिसतात.

रेझिन, तैलरंग असली कामं वाईट नाहीत. पण त्यांना मांडामांड लागते, वास येतो, मधेच हात पुसून भाजी टाकता येत नाही. रोजची धावपळ असलेल्या घरात पहिलंच काम म्हणून ती घेऊ नका. हे सामान आम्ही विकतो, तरीही सांगतो.

थोडा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त अर्धवट कामं याच चुकीमुळं परत येतात.

क्रॉस स्टिचच्या, म्हणजे फुलीच्या टाक्याच्या, १४ काउंटच्या कापडावर एका इंचात १४ घरं असतात. म्हणजे एक इंच लांब, एक इंच रुंद तुकड्यात १९६ फुल्या. नवीन हात मिनिटाला तीन फुल्या घालतो असं धरा, तर तेवढ्या तुकड्याला एक तास पाच मिनिटं लागतात. आता तुम्ही हौसेनं १० बाय ८ इंचांची राधाकृष्णाची फ्रेम उचललीत. पूर्ण भरायची तर ८० चौरस इंच झाले. रोज पंधरा मिनिटं, एकही दिवस न चुकवता बसलात तरी जवळजवळ वर्ष जाईल. आणि एकही दिवस न चुकता होणारं काम घरात एकच, दूध आणणं.

तेच दोन इंच बाय दोन इंचांचं फूल घ्या, कुर्त्याच्या खिशावर नाहीतर किल्लीच्या जुडग्याला लावायला. रोजच्या पंधरा मिनिटांत अठरा दिवसांत हातावेगळं होतं. एक पुरं झालं की माणूस दुसरं नेतोच. आमचा धंदा त्यावर चालतो, मोठ्या फ्रेमवर नाही. म्हणून कुणी पहिल्याच खेपेला मोठा संच मागितला तर आम्ही दोनदा विचारतो. राग मानू नका.

लोकरीचा लॉट नंबर

‘थोडंच न्या’ म्हणतोय खरं, पण लोकरीत त्याला एक अडचण आहे. लोकर एकेक खेप करून रंगवतात, त्यामुळं एकाच शेडच्या दोन खेपांत बारीक फरक पडतो. गुंड्याच्या कागदावर शेड नंबरच्या जवळ लॉट नंबर छापलेला असतो, तो बघा, तो त्या खेपेचा. आमच्याच घरात हे घडलंय. मेव्हण्यासाठी बदामी स्वेटर घातला होता, एक बाही होता होता लोकर संपली, म्हणून शेल्फावरचे त्याच शेडचे दोन गुंडे घेतले. ट्यूबलाइटखाली काही कळलं नाही. सकाळी रंकाळा तलावावर फिरायला गेल्यावर उन्हात बघितलं तर डाव्या बाहीला कोपराखाली चहा सांडल्यासारखं दिसत होतं. मेव्हणा अजून थंडीत तो घालतो आणि कुणी विचारलं की दुकानाचं नाव सांगतो.

तेव्हापासून आम्ही असं करतो: पूर्ण कामाला लागणारे गुंडे एकाच लॉटचे बाजूला काढतो, तुम्ही दोन घेऊन जा, बाकीचे तुमच्या नावाच्या पिशवीत दोन महिने राहतील. नको झाले तर नेऊ नका. नेलेले, न उघडलेले गुंडे कागदासकट परत घेतो.

चित्र काढणाऱ्यांसाठी

तुमच्यात एक वेगळाच आजार दिसतो. सामान समोर असतं, वेळही असतो, पण ‘काय काढू?’ यातच तास जातो. आपले चित्रकार आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून आले आणि रंकाळा, कोटीतीर्थ असा पायाखालचाच परिसर रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले, पण त्यांच्या चित्रांतलं पाणी आणि उजेड बघून आजही माणूस थबकतो. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवणारे बाबूराव पेंटर इथलेच. ही नावं काढली की लोक दबतात, म्हणून जास्त बोलत नाही. घ्यायचं एवढंच की जागा ठरलेली असली तर निवडण्यात वेळ जात नाही. खिडकीतलं तुळशीचं डबडं महिनाभर काढा.

उद्यमनगरात फौंड्रीत कामाला असलेले एक काका आमच्याकडून फक्त पेन्सिली नेतात. चहाच्या सुट्टीत खिशातल्या डायरीवर काढतात. चहाचा ग्लास, कुणाचा तरी बूट, साच्याची पेटी. ग्लास शेकडो झाले असतील. परवा दाखवला त्यात काचेवरचं बोटांच्या ठशाचं धुरकट वर्तुळ होतं, पेन्सिलीच्या करड्या रंगातलं. बघून आमचा पोरगा म्हणाला, ‘ह्यो ग्लास उचलावासा वाटतोय.’

रंग हवेच असतील तर जलरंगाच्या वड्यांची छोटी पेटी, सहा नंबरचा एक गोल ब्रश आणि पोस्टकार्डाएवढे ३०० ग्रॅमचे (जीएसएम, म्हणजे जाड) कागद घ्या. पातळ कागद ओला झाला की पापडासारखा वर येतो. ट्यूबमधले जलरंग पॅलेटवर सुकले तरी दुसऱ्या दिवशी पाण्यानं परत चालतात, खरवडून टाकू नका. ॲक्रिलिकचं तसं नाही, ते सुकलं की संपलं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडं काय हवा असते ती तुम्हाला माहीत आहे. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, वाळत नाही, म्हणून त्या दिवसांत खडू-पेन्सिलीवर या. कागद लोखंडी कपाटात आडवे ठेवा, भिंतीला टेकवून नकोत. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या फेकू नका, पिशवीत ठेवा, फक्त लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असं बघा. आणि चालू कामात सुई टोचून ठेवायची असेल तर कडेच्या कापडात टोचा, नक्षीत नको. एका रात्रीत गंजाचा ठिपका पडतो आणि तो धुऊन जात नाही.

‘मला पण एक करून दे की’

पहिलं तोरण दाराला लागलं की हे ऐकू येणारच. नणंद, शेजारीण, ऑफिसातली मैत्रीण. दोन-तीन फुकट करून दिलीत की तुमचा पंधरा मिनिटांचा निवांतपणा ऑर्डरीत बदलतो आणि चार महिन्यांत तुम्ही सुईकडे बघेनाशा होता. आपल्या गावात हातकाम हा अनेक घरांचा पोटापाण्याचा धंदा आहे. कोल्हापुरी चपलेच्या वेण्या घरोघरी बायकाच घालतात. २०१९ ला त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी हाताला मिळणारी मजुरी त्यांची त्यांनाच माहीत. म्हणून कामाचं मोल सांगायला लाजू नका. द्यायचंच नसेल तर मागणारीला आमच्याकडं पाठवा, आम्ही तिला सुई विकू.

अडलं तर

अर्धवट काम घेऊन या, कितीही जुनं असू दे. बुधवारी दुपारी चारनंतर गर्दी कमी असते. गुंता सोडवून देतो, चुकलेली ओळ शोधून देतो, त्याचे पैसे घेत नाही. सामान आमच्याकडून नेलेलं नसलं तरी चालेल. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि दिवाळीचे दिवस तेवढे सोडून या. तेव्हा दोन्ही स्टुलांवर झिरमिळ्यांची खोकी असतात आणि उभं राहायलाही जागा नसते.