मुंबई–न्यूयॉर्क : हवाई अंतर व प्रवासकाल

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १२,५३० किमी. आहे. थेट विमानाला जाताना साधारणतः १५ ते १६ तास लागतात, येताना सुमारे १४. एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानांनी लंडनमार्गे सुरू झाली. मुंबईहून कुठेही न थांबता जाणारे उड्डाण २००७ मध्ये आले.

भिंतीवरच्या नकाशात या दोन शहरांना पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाते. पृथ्वी गोल असल्याने खरी जवळची वाट वेगळीच आहे. ती मुंबईहून वायव्येला निघून कच्छ, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड व नॉर्वेवरून आइसलँडपर्यंत चढते आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरते. या मार्गाला बृहत्‌वृत्त मार्ग म्हणतात. संकेतस्थळांवर दिलेले अंतर बहुधा हेच असते. प्रत्यक्षात विमान तंतोतंत या रेषेवरून क्वचितच उडते.

याला पहिले कारण वारा. सुमारे ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह ताशी १०० ते २०० किमी. वेगाचे, कधी त्याहूनही जोरदार असतात. अमेरिकेकडे जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. हिवाळ्यात हा फरक अधिक जाणवतो. म्हणून लांबची वाट लवकर पोचवते असेही घडते. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किमी.ने वाढून १५,३०० किमी. झाले, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे वेळ जवळपास दोन तासांनी घटला.

दुसरे कारण राजकीय असून त्यावर वैमानिकाचा काहीच इलाज नसतो. बालाकोटनंतर २०१९ मध्ये काही महिने आणि पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. मग वळसा, जास्त इंधन आणि त्या वजनापायी कमी प्रवासी किंवा माल असा हिशोब करावा लागतो. मुंबईला निदान अरबी समुद्राची मोकळी वाट आहे. दिल्लीचा वळसा त्यामानाने जाचक.

वेळापत्रकातील कालावधी गेटपासून गेटपर्यंतचा असतो, म्हणजे धावपट्टीसाठी रांगेत थांबणेही त्यात आले. शिवाय दोन्हीकडच्या वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. भारत घड्याळ बदलत नाही, अमेरिका बदलते. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईहून रात्री दीडला निघालेले विमान पावणेसोळा तास उडूनही त्याच तारखेला सकाळी पावणेसातला पोचते. उलट ५ तारखेला दुपारी बाराला तिकडून निघालेले विमान चौदा तासांनी मुंबईत उतरते, तेव्हा ६ तारखेचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. विमानतळावर न्यायला येणाऱ्या नातेवाइकांची नेमकी इथेच फसगत होते.