‘टॅक्स वाचतो, कर्ज लवकर फेडू नका’ हे कितपत खरं?

घोडबंदर रोडला नवीन घराचा ताबा मिळाला, की हा सल्ला हमखास येतो: गृहकर्ज फेडू नका, टॅक्सची सूट जाईल. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हिशोब मांडून बघा.

५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता सुमारे ४३,४००. पहिल्या वर्षी व्याजच जातं जवळपास ४ लाख २१ हजार. राहत्या घरासाठी जुन्या करप्रणालीत व्याजावर एका मालकाला वर्षाला जास्तीत जास्त २ लाखांची वजावट मिळते. म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यातही, ४ टक्के सेस धरून, टॅक्स वाचतो ६२,४००. बाकीचं व्याज आपल्याच खिशातून जातं! नव्या प्रणालीत तर राहत्या घराला ही वजावटच नाही.

आणि मुख्य मुद्दा: बोनसमधले १ लाख सुरुवातीलाच भरले, तर वर्षाचं व्याज साधारण साडेआठ हजारांनी उतरतं. तरीही ते २ लाखांच्या वरच राहतं, म्हणून त्या वर्षी सूट एक रुपयानेही कमी होत नाही.

बँकेकडून व्याजाचा दाखला मागा, ‘व्याज’ आणि ‘मुद्दल’ हे दोन आकडे शेजारी ठेवा. मात्र सहा महिन्यांचे हप्ते, मेंटेनन्स आणि घरखर्च बाजूला काढल्याशिवाय जादा रक्कम भरू नका.